कैलासपतीच्या फुलातील दोन प्रकारचे पराग आणि फळ न धरण्याचा प्रश्न

नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. जुळे सोलापुरात आपल्या घरामागे कैलासपतीचे चौदा वर्षांचे झाड आहे. गेली तीन वर्षे त्याच्या बुंध्यावर भरपूर फुले येतात, पण फळ एकही धरलेले नाही. म्हणून यंदा आपण मऊ ब्रशने ‘नागाच्या फण्या’तील पिवळी भुकटी काढून मधल्या ‘पिंडी’वर लावली, सुमारे चाळीस फुलांवर हा प्रयोग केला, आणि तरीही सगळी फुले गळून गेली. शेजारच्या एका गृहस्थांनी फणा हा फुलाचा मादी भाग असल्याचे सांगितले, तर दुसऱ्या कोणी आपले झाडच ‘नर’ असल्याचे सांगितले. फणा म्हणजे नेमके काय आणि फळ का धरत नाही, असे आपण विचारले आहे.

दोन्ही समजुती प्रथम बाजूला ठेवू. कैलासपतीमध्ये नर झाड आणि मादी झाड असा भेद नसतो. पपईसारखा हा प्रकार नाही. प्रत्येक फुलात पुंकेसरही असतात आणि अंडाशयही असतो. फणा हा मादी भाग मुळीच नाही, तो पूर्णपणे पुंकेसरांचाच बनलेला असतो. आपण चाळीस फुलांवर घेतलेले कष्ट वाया गेले, त्याचे कारण माझ्या मते असे की आपण त्या फुलातील चुकीचे पराग उचलले. फळ न धरण्याची इतर कारणेही असू शकतात आणि त्यांकडे मी पुढे येतो, परंतु फण्यातील पराग वापरल्यावर बाकी सर्व परिस्थिती अनुकूल असती तरी फळ धरले नसते.

सोलापुरात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिके घेण्यात माझी एकतीस वर्षे गेली, आणि पुष्परचनेच्या तासाला कैलासपतीचे फूल मी दरवर्षी आवर्जून आणत असे. ही रचना शब्दांनी सांगण्यापेक्षा पाहिल्याने लवकर कळते, म्हणून आपणही उद्या सकाळी झाडाखाली पडलेले एखादे ताजे फूल उचला आणि दाढीच्या पात्याने ते फण्याच्या मधून देठापर्यंत उभे चिरा. दोन भाग समोर ठेवल्यावर मध्यभागी एक बुटकी, घुमटासारखी गाठ दिसेल. आपण जिला पिंडी म्हणतो ती हीच. हा अंडाशयाचा माथा असून त्याच्या टोकावर कुक्षी असते, आणि पराग पोहोचायला हवेत ते या टोकावरच. अंडाशयात बहुधा सहा कप्पे असतात. नखाने आडवा छेद घेतला तरी ते मोजता येतात. या गाठीभोवती आखूड, दाट केसरांचे एक कडे असते. आता त्या कड्याच्या एका बाजूवर बोट ठेवून पुढे सरका. कडे तिथे संपत नाही. त्याच बाजूने ते एका मांसल, गुलाबीसर पट्टीच्या रूपाने बाहेर वाढते, ती पट्टी वळून पुन्हा पिंडीवर झुकते आणि तिच्या आतल्या अंगाला लांब केसरांची झालर असते. हाच आपला फणा. कडे आणि फणा हे एकाच अवयवाचे, म्हणजे पुमंगाचे, दोन भाग आहेत; पुंकेसरांच्या वर्तुळाची एक बाजू जास्त वाढली आणि तिला हा आकार आला.

या दोन भागांतील केसरांवर परागकोष असतात आणि दोन्हींतून भुकटी निघते, म्हणून वरवर पाहणाऱ्याची फसगत होते. उलट फण्यातील केसर मोठे, ठळक आणि ब्रशला सहज लागणारे असल्यामुळे कोणीही प्रथम तिकडेच वळेल. पहिली दोन वर्षे मीही तिथूनच पराग घेत होतो. नंतर एका पावसाळ्यात प्रयोगशाळेत दहा टक्के साखरेच्या पाण्यात चिमूटभराहूनही कमी बोरिक आम्ल घालून दोन काचपट्ट्या केल्या. एकीवर कड्यातील पराग ठेवले, दुसरीवर फण्यातील. तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कड्यातील कित्येक कणांना पारदर्शक, दोऱ्यासारख्या नळ्या फुटल्या होत्या, आणि फण्यातील कण मात्र फुगून तसेच पडून होते. परागनळी फुटल्याशिवाय परागकण बीजांडापर्यंत जाऊच शकत नाही. त्या दिवशी वर्गातील सर्व मुलांना मी एकेक करून त्या दोन काचपट्ट्या दाखवल्या, कारण पुस्तकातील ‘वंध्य पराग’ हा शब्द डोळ्यांनी दिसण्याचे प्रसंग फार थोडे येतात.

मग झाडाने फळाच्या उपयोगी न पडणारे एवढे पराग तयार करण्याचे श्रम का घ्यावेत? या फुलात मध नसतो. वास मोठा, रंग भडक, परंतु येणाऱ्या कीटकाला देण्यासारखे परागाशिवाय काही नाही. आता पराग हेच खाद्य आणि पराग हेच बियाणे असेल, तर भुंग्याने नेलेला प्रत्येक घास हा झाडाच्या बियाण्यातून जातो. आपल्या भागातील शेतकरी खाण्याची ज्वारी आणि पेरणीसाठी राखलेली ज्वारी एका कणगीत ठेवत नाही. मालदांडीची निवडक कणसे तो वेगळी बांधून ठेवतो आणि घरात धान्याची कितीही ओढ असली तरी त्यांना हात लावू देत नाही. कैलासपतीच्या फुलाने नेमकी हीच वाटणी केली आहे. फण्यातील पराग खाण्याचे आहेत, कड्यातील पराग पेरणीचे आहेत.

ही वाटणी प्रत्यक्षात कशी चालते, ते पाहायचे असेल तर सकाळी साडेसहाच्या सुमारास झाडाजवळ अर्धा तास शांत उभे राहा. मोठा काळा भुंगा येतो, फणा आणि कडे यांच्या फटीत शिरतो आणि फण्याच्या झालरीवर पाय रोवून तेथील पराग गोळा करू लागतो. त्याचे सर्व लक्ष फण्याकडे असते. परंतु ती फट अरुंद असल्यामुळे त्याची पाठ आणि डोक्याचा मागचा भाग कड्यातील आखूड केसरांवर घासत राहतो, आणि पेरणीचे पराग तेथे चिकटतात. भुंगा पायांना लागलेले पराग नीट गोळा करून नेतो, पण पाठीवरचे सगळे त्याला पुसता येत नाहीत. पुढच्या फुलात शिरताना तीच पाठ तेथील कुक्षीला टेकते. फणा म्हणजे भुंग्याला ठरावीक जागी, ठरावीक पवित्र्यात उभे करणारी चौकट आहे, आणि हे समजले की तिचा आकार असा का, हे वेगळे सांगावे लागत नाही. मधमाश्याही या फुलावर पुष्कळ येतात, पण त्या अंगाने लहान असल्यामुळे पाठ कड्याला न लावताच पराग घेऊन जाऊ शकतात. त्यामुळे झाडावर मधमाश्यांची गर्दी दिसते याचा अर्थ परागण होत आहे असा घेऊ नये.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले याने 1775 मध्ये गियानातील वनस्पतींचे वर्णन करताना त्याला ‘कुरुपिता गियानेन्सिस’ हे शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे फुलातील पिंडी आणि तिच्यावर धरलेला फणा पाहून शिवभक्तांनी त्याला आपलेसे केले. सोलापुरात तर एकाच गल्लीत मराठी घरात कैलासपती, कानडी घरात नागलिंग आणि तेलुगू घरात मल्लिकार्जुन अशी तीन नावे ऐकू येतात. ज्या गावाचे सिद्धरामेश्वर श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे भक्त होते, त्या गावात हे नाव रुजावे यात नवल नाही. झाड परदेशातून आले म्हणून ते देवळाच्या आवारात नको असे कोणी म्हणू लागले, तर मला ते पटत नाही. मात्र त्याचे मूळ गाव लक्षात ठेवण्याचा एक व्यावहारिक उपयोग आहे, तो पाण्याच्या संदर्भात पुढे येईल.

त्याच्या मूळ प्रदेशातील भाऊबंदांकडे पाहिले की फण्याची गोष्ट आणखी स्पष्ट होते. ज्याच्या बिया आपण ब्राझील नट म्हणून खातो, ते झाड याच कुळातले. त्याच्या फुलात फणा कड्यावर इतका घट्ट दाबून बसवलेला असतो की मोठ्या, ताकदवान माश्याच तो उचलून आत शिरू शकतात, आणि त्याच्या फण्यातील केसरांवर कामाचे परागकोष उरलेले नाहीत. तेथे खाद्य म्हणून मध मिळतो. याच कुळातील काही झाडांत फणा मुळीच नसतो आणि सगळे केसर चहूबाजूंनी सारखे असतात. आपल्या सह्याद्रीतील कुंभा हाही याच कुळातला, आणि त्याच्या फुलात फणा नाही, परंतु असंख्य केसरांच्या वर्तुळात सर्वांत बाहेरचे आणि सर्वांत आतले केसर परागकोषांविना असतात, पराग देणारे मधलेच. म्हणजे केसरांमध्ये कामाची वाटणी करण्याची या कुळाची सवय जुनी आहे, फक्त प्रत्येकाने ती वेगळ्या तऱ्हेने पार पाडली आहे.

ही वाटणी पाहण्यासाठी अमेरिकेतलेच झाड पाहिजे असेही नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या रस्त्यांवर बहावा फुलतो, त्याचे एक फूल हातात घ्या. त्यात दहा केसर असतात. तीन लांब, कमानीसारखे वळून फुलाबाहेर आलेले. चार मध्यम, सरळ. आणि तीन अगदी लहान, जवळजवळ निरुपयोगी. बहाव्यातही मध नसतो. मध्यम केसरांच्या परागकोषांना बारीक छिद्रे असतात, त्यामुळे नुसते खरवडून पराग निघत नाहीत. भुंगा ते केसर पायांत धरतो आणि पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो. जवळ उभे राहिल्यास ती गुणगुण एकदम उंच सुरात गेलेली ऐकू येते आणि पराग छिद्रांतून उडतात. त्याचे खाद्य ते. त्याच वेळी लांब केसरांतील पराग त्याच्या अंगावर दूरच्या, पुसता न येणाऱ्या जागी पडतात. एकाच फुलातील दोन प्रकारच्या केसरांची दोन वेगळी कामे असतात हा विचार हर्मान म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1881 च्या सुमारास स्पष्टपणे मांडला. डार्विनलाही या प्रश्नाने शेवटपर्यंत घेरले होते. 19 एप्रिल 1882 रोजी त्याचे निधन झाले, आणि त्याच महिन्याच्या 10 तारखेला त्याने अमेरिकेतील एका अभ्यासकाला पत्र लिहून असे दोन प्रकारचे केसर असलेल्या एका वनस्पतीचे बी मागवले होते. शेवग्याच्या फुलातही पाच केसर कामाचे आणि पाच वंध्य असतात, आणि कांचनाच्या निरनिराळ्या जातींत कामाचे केसर किती उरले आहेत, यावरून जात ओळखायला मदत होते. पण तो विषय स्वतंत्र आहे.

आता आपल्या झाडाविषयी. कड्यातील पराग वापरल्यास फळ धरेलच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण पुढील बाबी आपल्या झाडाच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथे बसून दिसत नाहीत.

सर्वांत मोठी शंका मला अशी आहे की आपले झाड परिसरात एकटेच असावे. मी सांभाळत असलेल्या दोन झाडांवर त्याच झाडाचे पराग वापरून फार क्वचित फळ धरले, आणि जे धरले त्यांतील बरेच सुपारीएवढे होऊन गळाले. एका झाडाचे पराग दुसऱ्याला दिले तेव्हा मात्र परिणाम डोळ्यांत भरण्याइतका चांगला होता. दोन झाडांच्या अनुभवावरून नियम सांगता येत नाही, पण प्रयत्न करायचाच तर दुसऱ्या झाडाचे पराग आणून करावा, असे मी सुचवीन. दुसरे झाड आपल्याच झाडाच्या बियांचे किंवा त्याच रोपवाटिकेतील एकाच फळाचे असू नये, तर अधिक बरे.

दुसरी बाब उन्हाची. फूल एकाच दिवसाचे असते. आपण लिहिले आहे की ऑफिसला जाण्यापूर्वी, नऊ-साडेनऊला ब्रश फिरवला. मार्च-एप्रिलच्या सोलापुरात त्या वेळेपर्यंत परागांतील जीव पुष्कळसा गेलेला असतो आणि कुक्षीवरचा ओलावाही सुकलेला असतो. काम सातच्या आत व्हायला हवे, आणि जमल्यास ते पावसाळ्याच्या सुरुवातीला, हवेत थोडा दमटपणा असताना करावे. तिसरी बाब पाण्याची. हे झाड भरपूर पावसाच्या, नद्यांकाठच्या जंगलातून आलेले आहे. आपल्या काळ्या जमिनीत ते तग धरते, फुलतेही, परंतु फळ पिकायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि इतका काळ ओझे वाहायचे तर उन्हाळ्यात मुळांशी ओल टिकली पाहिजे. बुंध्यापासून चार-पाच फूट दूर, झाडाच्या घेराखाली आळे करून त्यात पाचटाचे किंवा पाल्यापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवा आणि आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्या. रोज वरवर पाणी मारण्याने काळी माती वरून चिकट होते आणि खाली कोरडीच राहते.

भुंग्यांविषयीही एक विनंती आहे. हे मोठे भुंगे वाळलेल्या लाकडात आणि जुन्या बांबूत घरटी करतात. आवार स्वच्छ ठेवण्याच्या नादात आपण प्रत्येक वाळका ओंडका जाळून टाकतो, आणि नंतर झाडावर भुंगा येत नाही म्हणून हळहळतो. कोपऱ्यात दोन वाळके ओंडके आणि काही बांबूचे तुकडे पावसापासून आडोशाला ठेवा; आणि फुलांच्या हंगामात झाडावर कीटकनाशक मारू देऊ नका, डासांसाठीची फवारणीसुद्धा सकाळी त्या बाजूला नको.

हाताने परागण मी पुढीलप्रमाणे करतो. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणार असलेल्या, रंग भरलेल्या टपोऱ्या कळ्या निवडून त्यांवर मलमलीची सैल पिशवी बांधतो, म्हणजे रात्रीतून किंवा पहाटे कीटकांनी पराग नेऊ नयेत. पराग घेण्यासाठी दुसऱ्या झाडाच्या ज्या कळ्या निवडल्या असतील त्यांवरही तशीच पिशवी बांधतो. पहाटे त्या दुसऱ्या झाडाचे फूल तोडून त्याचा फणा बोटांनी मुळाशी मोडून सरळ टाकून देतो. असे केल्याने चुकीचे पराग ब्रशला लागण्याची शक्यताच उरत नाही. उरलेल्या आखूड कड्यावर चित्रकलेचा शून्य क्रमांकाचा कोरडा ब्रश गोल फिरवतो आणि काळ्या कागदावर झटकून पाहतो. फिकट भुकटी दिसली म्हणजे परागकोष फुटले आहेत. नंतर आपल्या झाडावरील पिशवीतील फुलाचा फणाही हलक्या हाताने मोडायचा, म्हणजे कुक्षी उघडी पडते, आणि ब्रशचे टोक नेमके त्या पिंडीच्या माथ्यावर दोन-तीन वेळा टेकवायचे. बाजूला किंवा पायथ्याशी लावलेले पराग फुकट जातात. मग पिशवी पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा आणि तारखेची चिठ्ठी लावायची. पाकळ्या आणि केसर गळून पडतात तेव्हा घाबरू नका, ते गळायचेच असतात. देठावर हिरवी गाठ उरते का, एवढेच पाहायचे. दोन आठवड्यांनंतरही ती टिकून असेल आणि किंचित फुगली असेल, तर फळ धरल्याची आशा बाळगावी.

फुलांचे हे लांब, वेडेवाकडे तुरे बुंध्यावरूनच येतात, आणि पुष्कळ माळी ते ‘अनावश्यक फुटवे’ समजून कोयत्याने साफ करतात. आपल्याकडे तसे होत असेल तर ते आजच थांबवा. आणि पहिले फळ धरले की झाडाखालचे बाकडे, मुलांचा झोपाळा, दुचाकी लावण्याची जागा हे सर्व हलवा. पिकलेले फळ नारळाहून मोठे, लाकडासारख्या कवचाचे असते आणि ते कोणतीही सूचना न देता पडते. फुटल्यावर आतला गर हवा लागून निळसर होतो आणि त्याला फार उग्र दुर्गंधी येते, त्यामुळे ते लगेच पुरून टाकावे. बिया हव्या असल्यास मात्र गर धुऊन काढून त्या सावलीत, ओल्या मातीत लगोलग पेराव्यात.

आसपास दुसरे झाड मिळाले नाही, तर मला येथेच निरोप द्या. माझ्याकडील दोन्ही झाडांवर सध्या फुले आहेत, आणि सकाळी सहाच्या सुमारास आलात तर कड्याचे पराग मी आपल्यासमोर काढून देईन. येताना कोरड्या कागदाची पुडी आणा, प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात पराग घामेजतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांचा गोळा होतो.